गबाळा, गचाळ, गलथान : कुठे कोणता?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे अव्यवस्थितपणा आणि निष्काळजीपणा दाखवणाऱ्या शब्दांबद्दल आहेत. म्हणून या वेळचे सदर त्यांच्यासाठीच राखले आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : ‘गबाळा’ या शब्दाचा नेमका अर्थ काय? गचाळ, अजागळ, बेंगरूळ, वेंधळा हे सगळे त्याचेच समानार्थी शब्द आहेत का?

उत्तर : समानार्थी शब्दांच्या यादीत हे एका ओळीत दिसतात, पण एकाच्या जागी दुसरा घातला की वाक्य चुकते. ‘गबाळे’ हे मुळात नाम. कसेबसे बांधलेले बोचके, सामानसुमान, अडगळ असा त्याचा अर्थ. ‘चंबूगबाळे’ या जोडशब्दात तो अजून शाबूत आहे. चंबू म्हणजे अरुंद गळ्याचे छोटे भांडे आणि गबाळे म्हणजे बाकीचा सारा बोजा. ‘त्याने चंबूगबाळे आवरले’ म्हणजे जे काही किडूकमिडूक होते ते गोळा करून तो चालता झाला. (हा प्रयोग हेटाळणीचा आहे. निरोप घेऊन निघालेल्या पाहुण्यांबद्दल तो करू नये.)

बोचक्यातल्या वस्तूंना घडी नसते, क्रम नसतो, टोके बाहेर लोंबत असतात. विशेषणात उतरला तो हाच भाग. गबाळेपणात वस्तूंची कमतरता नसते आणि घाण असतेच असेही नाही. नसते ती मांडणी. एकच सदरा घेऊन पाहिले की फरक चटकन कळतो. सदरा धुतलेला आहे, पण इस्त्री नाही, एक टोक विजारीत खोचलेले आणि दुसरे बाहेर, बाही अर्धवट दुमडलेली : हा गबाळा वेश. त्याच सदऱ्यावर आमटीचे डाग आहेत, कॉलर मळून काळी पडली आहे, घामाचा वास येतो आहे : आता तो गचाळ. सदरा स्वच्छ आणि कडक इस्त्रीचा आहे, पण वरचे बटण दुसऱ्या काजात गेल्यामुळे एक बाजू खाली उतरली आहे : ही घालणाऱ्याची चूक, त्याला वेंधळा म्हणा. घाईघाईत झाले असेल तर धांदरट. सदरा नवा आहे, पण दोन मापांनी मोठा, खांदे दंडावर आलेले : तो बेंगरूळ दिसतो. आणि सदरा कसाही असो, तो घालणाऱ्याची सगळी ठेवणच सैल, मान कुठे, चाल कुठे, तोंडावर कशाची दखल नाही : तिथे ‘अजागळ’ लागतो.

‘अजागळ’ची व्युत्पत्ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. अजा म्हणजे शेळी, गल म्हणजे गळा. काही शेळ्यांच्या गळ्याखाली स्तनांसारखी दोन लोळी लोंबतात. त्यांतून दूध निघत नाही, त्यांचा काही उपयोग नाही. त्यावरून संस्कृतात ‘अजागलस्तन’ हा निरुपयोगी गोष्टीसाठीचा न्याय, म्हणजे रूढ दाखला, झाला. मराठी ‘अजागळ’मध्ये उगाच लोंबणारे आणि कामाला न येणारे या दोन्ही छटा आल्या आहेत. म्हणून तो ‘गबाळा’पेक्षा जास्त झोंबतो. गबाळ्या माणसाला नीट राहा असे सांगता येते. अजागळ म्हटले की त्याच्याकडून अपेक्षाच सोडून दिल्यासारखे होते.

गबाळा माणूस, गबाळी खोली, गबाळे अक्षर, गबाळी मांडणी, गबाळे राहणे हे सगळे चालते. गबाळे गटार किंवा गबाळा रस्ता चालत नाही, तिथे ‘गलिच्छ’ हवा. ‘गबाळा अपघात’ तर नाहीच. आणखी एक शब्द या यादीत शिरतो तो तिथून बाहेर काढायला हवा : गावंढळ. त्यात अव्यवस्थितपणा मुळीच नाही, फक्त खेड्यातल्या माणसाबद्दलची तुच्छता आहे. खेड्यातला माणूस अतिशय नीटनेटका असू शकतो, असतोही. गबाळेपणा सांगायचा असेल तर गबाळाच म्हणावे.

प्रश्न : गबाळेपणा की गबाळपणा? आणि या शब्दाची रूपे कशी चालवायची?

उत्तर : ‘गबाळा’ हे आकारान्त विकारी विशेषण आहे. अशा विशेषणाला ‘पणा’ लागताना शेवटच्या ‘आ’चा ‘ए’ होतो : वेडा–वेडेपणा, भोळा–भोळेपणा, साधा–साधेपणा. तसाच गबाळा–गबाळेपणा आणि वेंधळा–वेंधळेपणा. अकारान्त शब्द बदलत नाहीत : गचाळपणा, अजागळपणा, ढिसाळपणा, गलथानपणा. ‘गबाळपणा’ बोलण्यात ऐकू येतो. तो ‘गबाळ’ या अकारान्त रूपावरून आला आहे (‘ते एक गबाळ आहे’), पण लेखनात ‘गबाळेपणा’ रुळलेला आहे, तोच ठेवावा.

रूपे लिंगवचनाप्रमाणे बदलतात : गबाळा मुलगा, गबाळी मुलगी, गबाळे मूल. अनेकवचनात गबाळे मुलगे, गबाळ्या मुली, गबाळी मुले. नामाला प्रत्यय लागला की सगळीकडे ‘गबाळ्या’ : गबाळ्या मुलाला, गबाळ्या खोलीत, गबाळ्या अक्षरात. नेहमीची चूक होते ती इथेच. ‘गबाळे अक्षरात लिहिलेला अर्ज’ हे चुकीचे आहे.

‘अजागळ’ला मात्र लिंग लावू नये. अजागळा मुलगा, अजागळी मुलगी ही रूपे नाहीत. अजागळ मुलगा आणि अजागळ मुलगीच.

प्रश्न : ‘येरागबाळ्याचे काम नोहे’ यातला गबाळा हाच का? ‘येरा’ म्हणजे काय? काही जण ‘ऐऱ्यागैऱ्याचे काम’ म्हणतात, तेच हे का?

उत्तर : गबाळा हाच. ‘येर’ हा जुन्या मराठीतला शब्द असून त्याचा अर्थ इतर, दुसरा. येरागबाळा म्हणजे कोणीही सोम्यागोम्या, ज्याच्या अंगी त्या कामाची तयारी नाही असा. इथे ‘गबाळा’चा अर्थ अव्यवस्थित नसून बिनकामाचा असा आहे, म्हणजे अडगळ या मूळ अर्थाच्या तो जवळ जातो. ‘नोहे’ म्हणजे नव्हे. पूर्ण म्हण नकारार्थीच वापरतात. ‘हे येरागबाळ्याचे काम आहे’ असे लिहिले तर वाचणारा अडखळतो.

‘ऐरागैरा’ वेगळा. त्याच्यात ‘गैर’ आहे, म्हणजे परका, ओळखीबाहेरचा. ऐऱ्यागैऱ्याला घरात घेऊ नये म्हणताना अनोळखी माणूस अभिप्रेत असतो, अडाणी नव्हे. कौशल्याबद्दल बोलायचे असेल तर येरागबाळा आणि ओळखपाळखीबद्दल बोलायचे असेल तर ऐरागैरा.

प्रश्न : बातम्यांत एकाच घटनेला कधी निष्काळजीपणा, कधी हलगर्जीपणा, कधी बेपर्वाई, कधी हयगय म्हणतात. बातमी लिहिणाऱ्याने कसे ठरवावे?

उत्तर : या प्रश्नाला जरा जागा देतो, कारण इथे शब्द चुकला तर दोष भलत्याच माणसाच्या माथी बसतो. गबाळेपणा डोळ्याला खटकतो, त्याने नुकसान होईलच असे नाही. हे चारही शब्द मात्र कोणाचे तरी नुकसान झाले किंवा होऊ शकले असते तेव्हाचे आहेत. ठरवताना दोन गोष्टी विचाराव्यात : त्या माणसाला धोका माहीत होता का, आणि ते काम त्याच्यावर सोपवलेले होते का?

रस्त्यावरच्या मॅनहोलचे झाकण उघडे राहिले असे समजा. काम संपवून निघालेल्या कामगाराच्या लक्षातून ते निसटले : निष्काळजीपणा. उघड्या झाकणाची तक्रार कार्यालयात नोंदली गेली, जायचे कोणी हेही ठरलेले होते, पण आज-उद्या करत कोणी गेले नाही : हलगर्जीपणा. भोवतीचा अडथळा काढला तर माणूस पडू शकतो हे कळत असूनही, गाडी न्यायला सोपे जावे म्हणून तो काढून टाकला : बेपर्वाई. आणि झाकणाची जबाबदारी कोणत्या विभागाकडे आहे हेच कोणाला सांगता येत नाही, तेव्हा दोष एका माणसाचा उरत नाही. तो गलथान कारभार. ‘कामगाराच्या हलगर्जीपणामुळे’ असे घाईने लिहिले, आणि तक्रार पडून राहिली होती कार्यालयात, तर त्या कामगारावर अन्याय होतो.

‘दिरंगाई’ हलगर्जीच्या जवळचा वाटतो, पण त्यात फक्त उशीर आहे. दिरंग म्हणजे विलंब, हा फारसीतून आलेला शब्द. दिरंगाई हेतुपुरस्सरही असू शकते. हलगर्जीत मुद्दाम केल्याचा अर्थ नाही, कामाचे गांभीर्य न वाटणे आहे.

‘हयगय’ स्त्रीलिंगी : औषध घेण्यात हयगय करू नका, कामात हयगय झाली. बोलण्यात तो सौम्य वाटतो, पण कायद्याच्या मराठीत त्याला मोठे वजन आहे. भारतीय दंड संहितेच्या मराठी पाठात कलम ३०४-अ ‘हयगयीने मृत्यूस कारण होणे’ असे येते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि हा गुन्हा तिच्या कलम १०६ खाली गेला. वाहन बेदरकारपणे चालवण्याचे जुने कलम २७९ होते, ते आता २८१ आहे. अपघाताच्या फिर्यादीत ‘हयगयीने, अविचाराने व भरधाव वेगाने’ अशी शब्दांची रांग दिसते ती यामुळेच. त्यातले ‘हयगयीने’ काढून ‘निष्काळजीपणे’ घातले तर सामान्य वाचकाला सोपे जाते. बातमीत तसे करायला हरकत नाही, मात्र फिर्यादीतले शब्द अवतरणात देताना बदलू नयेत.

बेदरकार आणि हयगय यांतही अंतर आहे. दरकार म्हणजे गरज, पर्वा. बेदरकार माणसाला परिणाम दिसत असतो, तो त्याला मोजत नाही. हयगय करणाऱ्याने जे करायला हवे होते ते केले नाही. वळणावर पुढून गाडी येताना दिसत असूनही वेग वाढवला हा बेदरकारपणा. ब्रेक सैल झाल्याचे कळूनही दुरुस्तीला नेले नाही ही हयगय.

या गटातला ‘हेळसांड’ सगळ्यांत विसरला जातो आणि तोच कित्येकदा अचूक असतो. ज्याची काळजी घेणे आपल्यावर आहे अशा माणसाची, जनावराची किंवा वस्तूची उपेक्षा म्हणजे हेळसांड. तिला नेहमी षष्ठी लागते : रुग्णांची हेळसांड, म्हाताऱ्या आईवडिलांची हेळसांड, पिकाची हेळसांड. ‘रुग्णांबाबत निष्काळजीपणा करण्यात आला’ या लांबलचक वाक्यापेक्षा ‘रुग्णांची हेळसांड झाली’ हे कितीतरी नेमके.

लेखनाचे दोन मुद्दे. ‘निष्काळजी’त ष् आहे, निष्कारण आणि निष्कलंकप्रमाणे. ‘निश्काळजी’ किंवा ‘निःकाळजी’ नको. संस्कृत उपसर्ग मराठी शब्दाला लागला आहे म्हणून काही जण हा शब्द अशुद्ध मानतात, तसे मानण्याचे कारण नाही. तो पूर्ण रुळलेला आहे. दुसरे, ‘बेफिकीर’मध्ये की दीर्घ, पण ‘बेफिकिरी’त कि ह्रस्व. गरीब–गरिबी, वकील–वकिली यांसारखेच.

प्रश्न : ‘ढिसाळ कारभार’, ‘भोंगळ कारभार’, ‘गलथान कारभार’ : तिन्ही वाचायला मिळतात. फरक आहे की नुसती आवड?

उत्तर : वापरणारे बहुधा आवडीनेच वापरतात. फरक मात्र करता येतो आणि केला तर फायदा आहे. ढिसाळ म्हणजे घट्ट न बसलेले, सैल. नियोजन आहे, नियम आहेत, माणसे आहेत, पण पकड नाही, तिथे ढिसाळ. म्हणून ढिसाळ नियोजन, ढिसाळ व्यवस्थापन, ढिसाळ कथानक. भोंगळ म्हणजे ज्याच्या कडाच स्पष्ट नाहीत असे. भोंगळ व्याख्या, भोंगळ विधान, भोंगळ उत्तर हे त्याचे खरे प्रांत. कोणाचा अधिकार कुठे संपतो हे ठरलेलेच नसेल तर कारभारही भोंगळ म्हणता येतो. गलथान या दोघांच्या पुढचा : पकडही नाही, सीमाही नाहीत, आणि त्याचा त्रास लोकांना भोगावा लागतो आहे. अनागोंदी आणि सावळागोंधळ त्याच्या शेजारचे, पण त्यांत कोणी कोणाला विचारत नाही हा अर्थ पुढे येतो.

‘भोंगळ’बद्दल एक सावधगिरी. विदर्भात ‘भोंगळा’ म्हणजे नागडा. ‘भोंगळा कारभार’ असे एका कान्याने चुकले तर नागपूरकडचा वाचक काय वाचेल ते उघड आहे.

क्रीडावृत्तातले ‘गचाळ क्षेत्ररक्षण’ चालते का असेही विचारले आहे. चालते. तिथे गचाळमधली घाण मागे पडली आहे आणि हीन दर्जाचे, न शोभणारे काम एवढाच अर्थ उरला आहे. सोपे झेल सुटले, हातातून चेंडू निसटला तर गचाळ. क्षेत्ररक्षकांच्या जागा चुकल्या, दोघांनी एकमेकांना आवाज दिला नाही तर ढिसाळ.

प्रश्न : प्राथमिक शाळेत शिकवते. वहीवर ‘गबाळे काम’ असा शेरा लिहिला म्हणून पालक नाराज झाले. शब्द चुकला का?

उत्तर : शब्दाचा अर्थ चुकला नाही. तरी शेरा म्हणून तो उपयोगाचा नाही, कारण मुलाला पुढच्या वेळी काय करायचे ते त्यातून कळत नाही. गबाळेपणा वहीत कुठे आहे ते शोधून तेवढेच लिहावे. बहुतेक वेळा तो चार-पाच ठिकाणीच सापडतो : डावीकडे समास सोडलेला नाही, प्रश्नक्रमांक आणि तारीख नाही, खाडाखोड करताना एक आडवी रेघ मारण्याऐवजी शब्द गिरवून काळा केला आहे, दोन शब्दांत अंतर नाही, शिरोरेषा तुटक आहे किंवा दोन शब्दांवर मिळून एकच ओढली आहे. शेवटच्या दोन गोष्टींनी देवनागरी अक्षर सर्वांत जास्त बिघडते. शब्दांत अंतर नसले आणि रेषा सलग असली की ‘तोकामकरतो’ असे एकच लांब चित्र दिसते आणि वाचताना पुन्हा तोडावे लागते. एका वेळी यांतल्या एकाच गोष्टीचा शेरा द्यावा : ‘प्रत्येक शब्दावर स्वतंत्र रेघ ओढ.’ पुढच्या आठवड्यात समास.

विशेषण वापरायचेच असेल तर ते कामाला लावावे, मुलाला नव्हे. ‘वहीची मांडणी गबाळी आहे’ आणि ‘तू गबाळा आहेस’ यांत पालकांना जाणवतो तो फरक खरा आहे. ‘निष्काळजी’ तर फारच जपून लिहावा. तोंडी उत्तरे चटचट देणारे मूल लिहिताना मात्र सतत अडखळत असेल, अक्षरांचा आकार ओळीओळीला बदलत असेल, थोड्याच वेळात हात दुखतो म्हणत असेल, तर कारण काळजी न घेणे हे नसून लेखन-अक्षमता असू शकते. त्याला डिस्ग्राफिया म्हणतात. अशा मुलाच्या वहीवर ‘निष्काळजीपणा’ लिहिणे म्हणजे जे त्याच्या हातात नाही त्याची शिक्षा त्याला देणे. पालकांशी बोलून तज्ज्ञांकडून तपासणी करून घेणे हा त्यावरचा मार्ग आहे.

चांगल्या कामासाठीही नेमका शब्द ठेवावा. गबाळेच्या उलट नीटनेटके किंवा टापटिपीचे (टापटीप–टापटिपीचे, यात टि ह्रस्व होतो), ढिसाळच्या उलट चोख, निष्काळजीपणेच्या उलट काळजीपूर्वक. सगळ्यावर ‘छान’ लिहिले की मुलाला नेमके काय जमले ते कळत नाही.

प्रश्न : ‘अस्ताव्यस्त’मध्ये सूर्यास्ताचा अस्त आहे का? आणि ‘मी व्यस्त आहे’ यातला व्यस्त कोणता?

उत्तर : सूर्यास्ताशी संबंध नाही. इथे अस्त म्हणजे फेकलेले आणि व्यस्त म्हणजे इकडेतिकडे विखुरलेले. संस्कृतात ‘अस्तव्यस्त’, मराठीत ‘अस्ताव्यस्त’. कामात गढलेला या अर्थाचा ‘व्यस्त’ हिंदीतून आला आहे. मराठीत व्यस्त म्हणजे उलट, जसे गणितातले व्यस्त प्रमाण. गर्क, व्यग्र, कामात गुंतलेला हे शब्द हाताशी असताना तो घेण्याची गरज नाही.

प्रश्न : मुले खोलीत ‘राडा’ झाला म्हणतात. हा पसाराच का? राडा म्हणजे मारामारी ना?

उत्तर : दोन्ही अर्थ प्रचलित आहेत. मुंबईत राडा म्हणजे मुख्यतः हाणामारी. पश्चिम महाराष्ट्रात चिखल, घाण, सांडलवंड यांनाही राडा म्हणतात, आणि बांधकामाच्या मोडतोडीला ‘राडारोडा’ हा तर सरकारी पत्रकांतलाही शब्द आहे. खोलीतला राडा म्हणजे सांडलेले, तुडवलेले, साफ करावे लागणारे. पसारा फक्त पसरलेला असतो, तो आवरता येतो. चालू कामाचा पसारा असतोच, त्यात दोष नाही. शिवणकाम चालू असताना खोलीभर कापड, कात्री, टेप पसरलेले दिसतील. काम संपल्यावर दोन दिवस ते तसेच राहिले तर खोलीला गबाळी म्हणावे.

प्रश्न : जुन्या कोशात ‘गबाळे’ शोधला, सापडला नाही.

उत्तर : ‘गबाळें’ असा शोधा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश (१९३२ ते १९३८, सात विभाग) हे दोन्ही १९६२च्या लेखननियमांच्या आधीचे. त्यांत एकारान्त नपुंसकलिंगी नामांवर अनुस्वार आहे : गबाळें, चंबूगबाळें, बोचकें. छापील कोशात नजर शेजारच्या नोंदीवर जाते म्हणून शब्द सापडतो. संगणकावर मात्र अनुस्वाराशिवाय टंकला तर नोंद हुकू शकते. दोन्ही कोश शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर मोफत पाहता येतात. तिथे शेवटची मात्रा आणि अनुस्वार गाळून नुसते ‘गबाळ’ घालून पाहावे आणि मिळणाऱ्या नोंदी वरपासून खालपर्यंत वाचाव्यात. नाम आणि विशेषण या वेगळ्या नोंदी आहेत, दोन्ही पाहिल्याशिवाय अर्थ पुरा होत नाही.